तिसऱ्या कडव्यासाठी स्पीकर

टेंडरकाकांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ दुकानात जाऊन सरळ विकत घेतलेली नाही. दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. एका अवाढव्य कचेरीच्या खरेदी विभागात ते हेडक्लार्क. तिथे टाचण्यांची डबी घ्यायची झाली तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, नमुना तपासायचा, साहेबांची सही घ्यायची, आणि एवढं होईपर्यंत ज्याला टाचणी हवी होती तो माणूस निवृत्त झालेला असायचा. अशा ठिकाणी उभी हयात गेल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? घरातली केरसुणीसुद्धा तीन कोटेशनं घेऊनच आलेली आहे. काकू तर पाहुण्यांसमोर सरळ सांगतात, "लग्नाच्या वेळी मी यांचं तिसरं कोटेशन होते. आधीची दोन तांत्रिक कारणावरून बाद झाली." काकांना हा विनोद आवडत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

तर स्पीकरचं प्रकरण सुरू झालं ते काकूंच्या गाण्यापासून. काकू हॉस्पिटलात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. हॉस्पिटलला काहीतरी वर्षं पूर्ण झाली म्हणून एक गौरवगीत तयार झालं. शब्द डोळ्यांच्या डॉक्टरांचे, चाल मेट्रनबाईंची आणि गळे चाळीस बायकांचे. खऱ्याखुऱ्या स्टुडिओत नेऊन ते ध्वनिमुद्रित केलं. काकू त्या दिवशी घरी आल्या त्या जमिनीपासून वीतभर वरूनच चालत आल्या. मग प्रत्येकीला एकेक पेन ड्राइव्ह मिळाला आणि काकूंनी तो हात पुसून, दोन बोटांत धरून घरी आणला.

घरातला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत. त्यावर मुलगी अभ्यास करते असं म्हणते आणि काका पत्ते खेळत नाहीत असं म्हणतात. त्याला वेगळे स्पीकर नव्हते. पडद्याच्या पाठीमागे कुठेतरी बटणाएवढा काहीतरी बसवलेला होता, त्यातून आवाज यायचा. गाणं लावलं. चाळीस बायका पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारख्या गाऊ लागल्या. शब्द कळेना, सूर कळेना. काकू पुढे वाकून वाकून ऐकत होत्या.

"आता तिसरं कडवं आलं की बघा हं, मी दुसऱ्या रांगेत आहे, माइकच्या अगदी जवळ."

तिसरं कडवं आलं आणि गेलं. मुलगी म्हणाली, "आई, यात तू कुठली?"

"असेन कुठंतरी," काकू म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं, आणि त्या उठून आत गेल्या. पेन ड्राइव्ह तसाच लोंबकळत राहिला.

काकांच्या काळजात कळ आली. खरंच आली. या बाईनं आपलं सगळं आयुष्य लोकांच्या बाटल्यांवर नावं चिकटवण्यात घालवलं, एकदाच कुठे गायली, आणि तेही तिला ऐकू येऊ नये? काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होऊन जाहीर केलं, "चाळीस जणींतून तुझा आवाज वेगळा ऐकू येईल, असे स्पीकर या घरात आले नाहीत तर मी खरेदी विभागाचा माणूस नाही!"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या निवृत्तीच्या आत आणा म्हणजे झालं."

दुसऱ्याच दिवशी काका कचेरीतून परस्पर बाजारात गेले. पहिल्या दुकानात दुकानदार मोठा उत्साही निघाला. एका भिंतीला वॉशिंग मशिनं, दुसऱ्या भिंतीला स्पीकर आणि मधोमध हा उभा.

"बोला साहेब, काय ऐकणार तुम्ही? सिनेमा, गेम, गाणी?"

"बायको," काका म्हणाले.

दुकानदारानं एकवार त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, लोक आवाज कमी करायची सोय विचारतात. तुम्ही पहिलेच."

काकांना असला पोरकटपणा खपत नाही. त्यांनी शांतपणे पेन ड्राइव्ह पुढे केला आणि याच्यावर चाचणी घ्या म्हणाले. पण दुकानाचा नियम असा, की बाहेरचं काही लावायचं नाही. दुकानातलंच नमुन्याचं संगीत ऐकायचं. ते संगीत म्हणजे आधी ढोल बडवतात, मग काच फुटते, मग हेलिकॉप्टर जातं. काकांनी विचारलं, "यात गाणं कुठाय?" दुकानदार म्हणाला, "गाणं कुठल्याही स्पीकरवर वाजतं साहेब, हेलिकॉप्टर वाजलं पाहिजे." दुसऱ्या दुकानातही तेच हेलिकॉप्टर, तिसऱ्यातही तेच. तिन्ही कोटेशनं हातात आली, तक्ताही झाला, पण तक्त्यात काकूंचा रकाना रिकामाच राहिला.

अशा वेळी माणसानं घराचं दार लावून एकट्यानं विचार करावा. पण काकांना मेहुणा आहे. काकूंचा धाकटा भाऊ. त्याला जगातल्या सगळ्या यंत्रांतलं कळतं आणि त्याच्या घरातलं एकही यंत्र चालू नाही. तो आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "भाऊजी, तुमचं सगळं चुकतंय. आवाजाचा जीव असतो बासमध्ये. टेबलावर दोन छोटे आणि टेबलाखाली एक मोठा डबा. डबा नसेल तर घेऊच नका, त्यापेक्षा भोंगा घ्या."

"डबा कशाला? तुझी बहीण काय टेबलाखालून गाते?"

"भाऊजी, ऐकाल तेव्हा पाय धराल माझे."

डब्यासकट स्पीकर आले. मेहुण्यानं स्वतः ताराबिरा जोडल्या, आवाजाची सगळी बटणं उजवीकडे पूर्ण पिळली आणि गौरवगीत सुरू केलं. काय सांगावं! चाळीस बायकांच्या त्या गाण्यात कुठून तरी रेडे शिरले. टेबल थरथरलं, टेबलावरचा पेन्सिलींचा पेला चालत चालत कडेला आला आणि खाली पडला. मुलीचे दात वाजले. काकू कानांवर हात ठेवून ओरडल्या, "अरे, ही मेट्रनबाई आहे की ट्रक?" मेहुणा मात्र डोळे मिटून मान हलवत होता. "पोटात जाणवतंय की नाही?" तो विचारत होता. जाणवत होतं, पण गाणं पोटात जाणवून काय करायचं?

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी. म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दुर्दैवानं नेमके काकांच्या खोलीखालीच राहणारे. त्यांच्या हातात कान तुटलेला कप होता.

"हा कप फडताळातून आपण होऊन उतरला," ते म्हणाले. "कंप पावणारं यंत्र बसवायला सोसायटीची लेखी परवानगी लागते. अर्ज करा."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"अहो, मी तुमच्या समोरच उभा आहे की!"

"तुम्ही उभे आहात. अर्ज कुठाय?"

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना या माणसाविषयी आदरही वाटला, हे कबूल केलं पाहिजे. असं बिनतोड उत्तर त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना दिलं होतं. ते स्वतःवर आलं की कसं लागतं हे आज कळलं. दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन खाली गेले. सेक्रेटरी आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा चढवला, अर्ज पाहिला, वरच्या मजल्याची ना-हरकत जोडलेली नाही म्हणून परत केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बसा की. चहा घेणार?" वरच्या मजल्यावर कोणीच राहत नव्हतं, तिथे पाण्याची टाकी होती. काकांनी तसं सांगितलं. सेक्रेटरींनी पुन्हा चष्मा चढवला. "मग टाकी गळत नसल्याचा दाखला आणा. कंपानं टाकी गळू लागली तर जबाबदार कोण?"

चार वेळा चष्मा चढला आणि उतरला. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "एक मार्ग आहे. मी स्वतः येऊन तांत्रिक पाहणी करतो." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कोवळं हसू आलं, की काकांच्या ध्यानात आलं, या गृहस्थांना गाणं ऐकायचंय. एकटा जीव. बऱ्याच दिवसांत कुणी बोलावलं नसावं.

पण पाहणीआधी तो डबा जायला हवा होता. स्पीकर पहिल्या दुकानातून घेतले होते. तो दुकानदार म्हणाला, माल बदलून देतो, फक्त मूळ खोकं आणि थर्माकोल आणा. खोक्यात काकूंनी एव्हाना स्वेटर भरून ते माळ्यावर टाकलं होतं. थर्माकोल मेहुणा घेऊन गेला होता, कारण त्याच्या घरातला फ्रिज एका पायानं लंगडत होता. काका मेहुण्याकडे गेले. मेहुणा फ्रिज उचलून धरायला तयार होता. फ्रिजच तयार नव्हता. खाली चिकटलेलं थर्माकोल उलथन्यानं सोडवून काढलं आणि त्यावर उमटलेल्या फ्रिजच्या पायाच्या ठशासकट दुकानात नेलं. "हा ठसा कसला?" दुकानदारानं विचारलं. खरेदी विभागाच्या माणसाला विक्रेत्यासमोर मान खाली घालून "फ्रिजचा" असं उत्तर द्यावं लागलं. त्या दुकानातली वॉशिंग मशिनंसुद्धा काकांकडे बघून हसल्यासारखी वाटली.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. काकांची ती पडलेली मान पाहून दुकानदाराला दया आली आणि त्यानं पहिल्यांदाच त्यांचा पेन ड्राइव्ह लावून दिला. काका एकेका जोडीसमोर डोळे मिटून उभे राहिले. कशात बायका नाकात गात होत्या, कशात विहिरीत. शेवटी कोपऱ्यातल्या एका साध्या, लाकडी पेटीच्या, टेबलावर मावणाऱ्या जोडीतून चाळीस जणी चाळीस माणसांसारख्या गायल्या. गिऱ्हाइकांच्या गोंगाटात काकूंचा आवाज काही ओळखता आला नाही, पण काकांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तक्ता चुरगळून खिशात कोंबला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुलना न करता म्हणाले, "हीच द्या."

घरी येताना ते खोकं त्यांनी मांडीवर घेऊन आणलं. रिक्षा खड्ड्यात गेली की काकाच "हळू, हळू" म्हणायचे, रिक्षाला.

रविवारी सकाळी तांत्रिक पाहणी ठरली. शनिवारभर स्पीकर कुठे ठेवावेत यावर घर उलटंपालटं झालं. मेहुण्यानं फोनवरून सांगितलं की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा त्रिकोण झाला पाहिजे. काकांनी मोजायची टेप काढली. त्रिकोण बरोबर यायला टेबल खोलीच्या मधोमध आणावं लागलं, आणि डोक्याची जागा नेमकी स्वयंपाकघराच्या दारात आली. त्या दिवशी सगळ्यांनी जेवायला कॉम्प्युटरला प्रदक्षिणा घालून जायचं, असं ठरलं. काकूंनी एका शब्दानं तक्रार केली नाही. उलट संध्याकाळी त्या शिवणयंत्रावर बसल्या आणि उठल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन कव्हरं होती. जुन्या पडद्याच्या जाड कापडाची, आतून अस्तर, कडेला झालर. या घरात मिक्सरला कव्हर आहे, इस्त्रीला कव्हर आहे, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकचं आणि त्या प्लॅस्टिकला कापडाचं कव्हर आहे. मग इतक्या खटपटीनं आणलेल्या स्पीकरला उघडंबोडकं ठेवायचं?

"धूळ बसायला नको बाई," काकू म्हणाल्या, आणि दोन्ही स्पीकरना टोपडी घालावीत तशी ती कव्हरं चढवून, खालून नाड्या बांधून टाकल्या. काका कौतुकानं म्हणाले, "वॉरंटी संपेपर्यंत काढायची नाहीत!"

रविवारी सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मेहुणा आला. मुलीनं चहा केला. काकूंना त्रिकोणाच्या टोकावर, स्वयंपाकघराच्या दारात, खुर्ची दिली. त्या एकदा बसल्या, एकदा उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांनी गाणं लावलं.

चाळीस बायका गाऊ लागल्या. पण त्या शेजारच्या घरात, दार लावून, गोधडीत तोंड खुपसून. काकांना कळेना. दुकानात तर अंगावर काटा आला होता! त्यांनी आवाज वाढवला. गोधडी तेवढी मोठी झाली.

"ताकद कमी पडतेय," मेहुणा म्हणाला. "मी म्हटलं होतं, डबा पाहिजे."

"कंप नाही, हे मात्र उत्तम," सेक्रेटरी म्हणाले. "गाणं नसलं तरी चालेल."

काकूंनी काकांकडे बघितलं. "असू दे हो," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "छान वाजतंय. इतके काय मोठे आम्ही गाणारे!"

हे ऐकून काकांना रडूच यायचं बाकी राहिलं. रागावल्या असत्या, बोलल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी आवाज आणखी वाढवला, तेवढ्यात सेक्रेटरी सहानुभूतीनं पुढे वाकले, त्यांचा चष्मा घसरला, तो सावरताना कप कलंडला आणि अख्खा चहा डाव्या स्पीकरच्या झालरीवर.

"अगं बाई, डाग पडेल!" काकू झेपावल्या. नाडी सोडली, कव्हर खस्सकन ओढून काढलं.

आणि डावीकडच्या बायका धाडकन खोलीत आल्या! स्वच्छ, झळझळीत, श्वासांसकट. सगळे जागच्या जागी थिजले.

"चहा!" मेहुणा किंचाळला. "भाऊजी, चहानं कनेक्शन सुधारलं! उजवीकडेही ओता!"

काकांनी खरोखरच कप उचलला होता, हे नंतर त्यांनी कितीही नाकारलं तरी मुलगी साक्षीला आहे. तिनंच त्यांचा हात धरला. "बाबा, कव्हर! ते जाड कव्हर काढा की नुसतं!" उजवं टोपडंही उतरलं, आणि उरलेल्या बायकाही खोलीत येऊन उभ्या राहिल्या. ओलं कव्हर हातात धरून काकू तोंडाचा आ करून ऐकत होत्या. "अगं, ही आमची एक्स-रेवाली! आणि ही बाळंतपण वॉर्डातली, बघ कशी खालून लावते!" एकेक आवाज वेगळा. दुसरं कडवं संपलं. काकांनी हात वर केला. "आता कुणी बोलायचं नाही. तिसरं."

क्षणभर शांतता झाली. आणि त्या शांततेत एकच आवाज, अगदी एकटा, ठणठणीत, पूर्ण आत्मविश्वासानं म्हणाला, "उज..."

आणि थबकला. मग बाकीच्या सगळ्या जणी आल्या, "उजळू वाटा नव्या..."

"ही कोण हो, गाडी पकडायला निघालेली?" सेक्रेटरी खो खो हसत म्हणाले.

"घोटाळा आहे रेकॉर्डिंगमध्ये," मेहुणा म्हणाला. "कापायला हवं होतं ते. कोण बाई आहे, तिला सांगा, जरा थांब म्हणावं."

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकू कव्हर पिळत होत्या. चहा टपटप फरशीवर गळत होता आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"मला वाटलं, मेट्रनबाईंनी खुणेचा हात वर केला," त्या पुटपुटल्या. "त्या केस मागे सारत होत्या."

सेक्रेटरींनी उगाचच चष्मा काढला. मेहुणा छताकडे बघू लागला. काकूंचा चेहरा रडू की हसू अशा बेतात येऊन थांबला. "पेन ड्राइव्ह वाटल्यापासून अख्खं हॉस्पिटल विचारतंय, कोण होती ती म्हणून. मी पण विचारतेय सगळ्यांबरोबर."

"तूच ती?" काका म्हणाले. "अगं, तूच? म्हणजे हे इतकं स्पष्ट जे ऐकू आलं, ते तुझं?"

"हो, मीच. चूक झाली हो माझी!"

"चूक कसली! चाळीस जणींत एकटी ऐकू येतेस तू! दुसरी कुठली ऐकू आली का? एक्स-रेवालीला सगळ्या गाण्यात एक तरी अक्षर स्वतःचं मिळालं का? तुला दोन मिळाली!" काका टेबलाला वळसा घालून आले, त्रिकोण मोडला, तार पायात अडकली, तरी आले. "काय लागलाय तो सूर! वा! आणि मी इतके दिवस स्पीकर पारखत होतो!"

"भाऊजी, पण दोष..." मेहुणा म्हणू लागला.

"गप रे!" काका म्हणाले. "माल पसंत आहे."

मग काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्या ओल्या कव्हरातच तोंड लपवून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की कशाचं हे कुणी विचारलं नाही. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. सेक्रेटरींनी चष्मा चढवून जाहीर केलं, की पाहणी अपूर्ण राहिली असून गाणं पुन्हा ऐकणं नियमानं आवश्यक आहे.

काकू खुर्चीवर नीट बसल्या. केस सारखे केले. "अहो," त्या म्हणाल्या, "जरा आधीपासून लावा. आणि मोठ्यानं."

काकांनी लावलं. दुसरं कडवं सरत आलं तशी सगळ्यांनी माना पुढे काढल्या. काकूंनी श्वास घेतला. ती शांतता आली, आणि काकू, काका, मुलगी, मेहुणा आणि खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी, सगळे एकदम, जीव खाऊन ओरडले, "उज!"

एकोणचाळीस बायकांना यायला जरा उशीरच झाला.